कौसाचा महिना

आमच्या घरात कधी काही संपलं न्हाई. म्हणजे संपायचं सगळंच, पण कौसाच्या तोंडून 'संपलं' हा शब्द मी एवढ्या वर्षांच्या संसारात ऐकला न्हाई. साखरेचा डबा रिकामा झाला की ती म्हणायची, साखर वाढली. मिठाच्या बरणीचं बूड दिसलं की मीठ वाढलं. हे काही तिनं पदरचं काढलेलं न्हाई. आमच्याकडच्या जुन्या बाया असंच बोलतात. भरल्या घरात संपलं म्हणू नये, बांगडी फुटली तरी वाढली म्हणावं, अशी रीत आहे. बाकीच्या बाया कधी म्हणतात, कधी विसरतात. कौसा विसरली न्हाई.

कौसा माझी बायको. मागच्या उन्हाळ्यात गेली. मी लिहिणारा माणूस न्हाई. चौथीत शाळा सुटली, मंग जन्मभर टेंभुर्णी ते जालना काळीपिवळी जीप चालवली. पण सून म्हणाली, मामा, तुम्ही दिवसभर भिंतीशी बोलता, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहून राह्यलो. यानं काही हलकं होईल असं मला वाटत न्हाई, ते आधीच सांगून ठेवतो.

दिसायला कौसा ठेंगणी. चालणं फटाफट. बोलणं कमी, पण नेमकं. लोकांना वाटायचं, एवढं मोजूनमापून करते म्हणजे बाई उपाशी घरातून आलेली असणार. बिलकुल न्हाई. तिचं माहेर वडीगोद्रीकडं. बापाची मोसंबीची बाग होती, घरात धान्याच्या थप्प्या. मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा पडवीत मोसंबीचा हा एवढा ढीग पाहिला. खालची सडून पाणी सुटलेलं, माशा घोंघावून राह्यल्या, आणि वरून रोज नवी पाटी ओतली जायची. घरात काय आहे, किती आहे, तिथं कोणालाच ठाऊक नसायचं. कौसाला त्याचा राग होता. अजून तो वास येतो म्हणायची. चांगलं टवटवीत मोसंबं हातात दिलं तरी आधी बुडाचा वास घेऊन पाहायची. म्हणजे तिला जे शिकवलं ते गरिबीनं न्हाई शिकवलं, त्या वासानं शिकवलं.

उपाशी राहून तिनं मला खाऊ घातलं वगैरे मी लिहिणार न्हाई. बायको मेली की नवरे असं काहीतरी बोलतात. कौसा पोटभर जेवायची. मांडी घालून, भाकरीवर चटणी घेऊन, सावकाश. तिचं म्हणणं एवढंच होतं, की महिन्याचं सामान महिनाभर गेलं पाहिजे. अलीकडं संपायचं न्हाई आणि पलीकडं उरून सडायचंही न्हाई.

महिना म्हणजे तिचा महिना. कॅलेंडरचा न्हाई. महिन्याच्या पहिल्या बाजारापासून पुढच्या महिन्याच्या पहिल्या बाजारापर्यंत. त्या दिवशी सकाळी मी तिच्या हातावर किराण्याचे पैसे ठेवायचे. आकडा सांगत न्हाई, तुम्ही हसाल. तो तिनंच ठरवलेला. मी वाढवून दिले तर वरचे परत करायची आणि म्हणायची, हे टायरला लावा. माझ्या जीपचं सगळं उलटं होतं. दहाच्या जागी सोळा माणसं कोंबायचो, दोघं मागं लटकलेली असायची, तरी रस्त्यात कोणी हात दाखवला की ब्रेक मारायचो. ती एकदा माझ्या शेजारी बसून जालन्याला आल्ती. उतरल्यावर पदर झटकत म्हणाली, "तुमच्या गाडीसारखं घर चालवलं असतं ना, तर अर्ध्या महिन्यातच पलटी झालं असतं."

बाजाराला ती स्वतः जायची, महिन्यातून एकदाच. किराणा दुकानाचे शेटजी जुना माणूस, तिला वहिनी म्हणायचे. सगळं बांधून झालं की दरवेळी ते एक खडा टाकून पाहायचे. वहिनी, सणाचा महिना आहे, अर्धा किलो साखर जास्तीची देऊ का? कौसा म्हणायची, "सण माझ्या घरात आहे का तुमच्या दुकानात?" गिऱ्हाइकं हसायची, शेटजीही हसायचे. पुढच्या महिन्यात परत तेच विचारायचे, सण असो नसो. मला वाटतं त्यांना साखर विकायचीच नसायची, ते उत्तर ऐकायचं असायचं.

सामान घरी आलं की फळीवरचे डबे खाली उतरायचे, धुवून उन्हात वाळायचे आणि मंग भरायचे. पितळी, पत्र्याचे, एक बिस्किटाचा, एक लेकराच्या दुधाच्या पावडरचा. कुठल्या डब्यात काय, हे वर लिहिलेलं नसायचं. तिला लिहिता येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं, पण हिशोब तिनं कधी लिहिला न्हाई. तिचा हिशोब कानात होता. संध्याकाळी दिवा लावला की ती फळीपाशी उभी राहायची आणि मधल्या बोटाच्या पेरानं एकेक डबा वाजवायची. टक. टक. वाजवायची आणि जरा थांबायची, कान देऊन. भरलेला डबा मुका असतो, रिता होत आला की बोलायला लागतो, असं तिचं म्हणणं. सगळे डबे वाजवून झाले की उद्या काय शिजणार ते ठरायचं. मी बाहेर ओट्यावर बसलेला असायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती टकटक झाल्याशिवाय संध्याकाळ झाली असं वाटत नव्हतं.

भाव वाढले की घरोघरी नवराबायकोची भांडणं होतात. कौसा भांडली न्हाई. तिनं चमचा बदलला. तेलाच्या भांड्यात आधी पळी असायची. तेल महागलं तशी पळी गेली आणि भाजी वाढायचा चमचा आला. आणखी महागलं तेव्हा चहाचा चमचा आला. साखरेच्या डब्यात तर औषधाच्या बाटलीचं झाकण होतं. पैसे तेवढेच, महिना तेवढाच, चमचा लहान. महागाई किती झाली हे बघायला मला पेपर लागत नव्हता. तेलाच्या भांड्यात हात घातला की कळायचं.

आणि चव कमी झाली असं म्हणाल तर तेही न्हाई. भाजीवर ताट झाकून त्या ताटात पाणी ठेवायची, वाफेवर वांगं शिजवायची. माझे जीपवाले मित्र डबा उघडला की माझ्याच डब्यात हात घालायचे. तिला सांगितलं तर म्हणाली, त्यांना सांगा, एक घास घ्या, दुसरा मागू नका, दुसरा मोजलेला आहे.

पोरगा संतोष पुण्याला कंपनीत लागला, लग्न झालं, स्वाती घरात आली. नाशकात शिकलेली पोरगी. पहिल्यांदा आठ दिवस राहायला आल्ती, तेव्हाची गोष्ट. महिना भरला होता, दुसऱ्या दिवशी बाजार. बाकी सामान कौसा आणायची, पण तेल जालन्याच्या घाण्यावरून आणायचं काम माझ्याकडं होतं, महिना भरला की. मी फेरीवर गेल्तो. कौसा शेजारी शांताबाईकडं पापड लाटायला निघाली आणि जाताना सुनेला म्हणाली, मामांचा फोन आला तर सांग, तेल वाढलं. मी फोन केला. स्वाती म्हणाली, मामा, तेल भरपूर आहे म्हणतात आत्या, आणू नका. मला जरा नवल वाटलं, पण गाडीत माणसं भरलेली, मी निघालो.

घरी येतो तर स्वातीचे आईवडील येऊन बसलेले. तिला न्यायला आल्ते, न सांगता. कौसानं तेलाचं भांडं उचललं, तिरपं केलं, बघितलं आणि खाली ठेवलं. मी रिकाम्या हातानं उभा. शेटजींचं दुकान चार पावलांवर होतं, मी वळलो, तिनं डोळ्यानंच मला बसवलं. आणि मंग त्या बाईनं थेंबभर तेल नसताना स्वयंपाक केला. चुलीत वांगी भाजून दही घालून भरीत. दाणे भाजून वाटून वाटून त्यांनाच तेल सोडायला लावलं आणि त्याची आमटी. गरम भाकरी. स्वातीची आई बोटं चाटून म्हणाली, असं आम्हाला तिकडं कधी जमत नाही हो. कौसा म्हणाली, तेल जास्त होतं तुमच्याकडं, म्हणून.

पाहुणे झोपल्यावर घोटाळा उलगडला. स्वातीनं काय ऐकलं, काय समजली, हे सांगितलं आणि कौसा हसत सुटली. पदर तोंडात कोंबून चुलीपाशी खाली बसली, डोळ्यांतून पाणी. ती एवढी हसलेली मी परत पाहिली न्हाई. "अगं बाई, वाढलं म्हणजे न्हाई," ती म्हणाली, "वाढलं म्हणजे काहीच न्हाई." स्वाती लाजून लाल. तिथून पुढं ते त्या दोघींचं गमतीचं झालं. महिनाअखेरीला पुण्याहून फोन यायचा, आत्या, तुमच्या लेकाचा पगार वाढला. आणि इकडं कौसा फोन कानाला लावून हसून राह्यलेली.

लेकाचं आणि तिचं मात्र या बाबतीत जमलं न्हाई. माझ्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं तशी मी जीप विकली, नुसताच स्टँडवर जाऊन बसायला लागलो. किराण्याचे पैसे संतोष पाठवू लागला. तो जास्त पाठवायचा, ही तेवढेच उचलायची. एका दिवाळीला तो गाडीची डिकी भरून आला. तेलाचा मोठा डबा, काजू, बदाम, चार प्रकारची बिस्किटं, साखरेचं पोतं म्हणावं एवढी पिशवी. फळीवर जागा न्हाई म्हणून जमिनीवर मांडलं. कौसा त्या ढिगाकडं बघत उभी राहिली. संध्याकाळी दिवा लावला आणि डबे वाजवायला गेली, तर मधी तो ढीग. तिनं न वाजवताच हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं परत डिकीत ठेवायला लागली. संतोष चिडला. म्हणाला, "आई, तू घर चालवती का रेशनचं दुकान?"

"रेशनच्या दुकानात कधी माल येतो, कधी न्हाई," ती म्हणाली. "माझ्या घरात रोज असतो. तुझ्या ढिगात मला माझा महिना दिसेना, बाबा."

तो नाराज होऊन गेला. शेवटी तेलाचा डबा तेवढा राहिला, तोही तिनं शांताबाईच्या मुलीच्या लग्नात देऊन टाकला. कंजूस होती असं म्हणणारे होते गावात. कंजूस माणूस देत न्हाई. ही उसनं द्यायची, मागायची तेवढी न्हाई. शांताबाईला वाटीभर साखर, चहापत्ती, मूठभर डाळ, कायम. ते तिच्या महिन्यात धरलेलंच असायचं.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढचं कळावं.

दोनेक वर्षांपूर्वी तिला बीपी निघाला. चक्कर यायची. उपकेंद्रातून गोळ्या मिळायच्या, फुकट, महिन्याच्या महिन्याला. गल्लीत नर्सबाई यायच्या, त्याच देऊन जायच्या. रोज सकाळी एक. कौसानं त्या गोळ्या कुठं ठेवाव्यात? फळीवर. मोहरीच्या डब्याशेजारी, जुन्या जिऱ्याच्या डबीत. तिथंच सगळं बिघडलं असं मला वाटतं. गोळ्या औषध राहिल्या न्हाईत, सामान झाल्या. सामान म्हटलं की ते महिनाभर पुरवायचं आलं, आणि मधीच संपलं म्हणून सांगायचं न्हाई हेही आलं.

मागच्या उन्हाळ्यात, चहा ठेवायला म्हणून उठली आणि मोरीपाशी पडली. मी हाक मारली, तिनं ओ दिली, पण ती ओ तिची नव्हती. तोंड एका बाजूला गेल्तं. माझी विकलेली जीपच आली, तिचा आताचा मालक पोरगा चांगला, पॅसेंजर उतरवून आला. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, साहेब, तिचा एक दिवस चुकत न्हाई. डॉक्टरनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

ती परत आली न्हाई.

तेरावं झालं, संतोष-स्वाती सगळं आवरून गेले. जाताना मला चला म्हणत होते. मी न्हाई म्हणालो. त्या संध्याकाळी दिवा लावला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, फळीपाशी जाऊन उभा राहिलो. तिच्यासारखं बोटाच्या पेरानं डबे वाजवले. मला सगळ्यांचा आवाज सारखाच आला. डाळ काय, तांदूळ काय. फक्त ती जिऱ्याची डबी वाजवली तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. उघडून पाहिली. गोळ्यांचे तुकडे होते. काही अर्धे, बरेचसे पाव. अडकित्त्यानं कातरलेले.

अडकित्ता मी तिच्या हातात पाहिला होता. सकाळी सकाळी. मला वाटलं सुपारी.

शांताबाईला बोलावून डबी दाखवली. मंग तिनं सांगितलं. तिलाही त्याच गोळ्या आहेत. तिच्या गोळ्यांवर तिच्या नातवानं पाणी सांडलं, सगळ्या विरघळल्या. ती आली कौसाकडं, जशी साखर मागायला यायची तशी. कौसानं अर्ध्या गोळ्या काढून दिल्या. वाटीभर साखर द्यावी तशा. पुढच्या महिन्यात माझ्या देईन, शांताबाई म्हणाली. कौसा म्हणाली, देशील गं, पळून चाललीस का.

नंतर थोड्या दिवसांनी नर्सबाई आल्या. जुन्या बाईंची बदली झाल्ती, ही नवी, मुंबईकडची पोरगी, वयानं स्वातीपेक्षा लहान. कौसा आणि शांताबाई ओट्यावर बसलेल्या, शांताबाईच्या गोळ्यांची तारीख अजून यायची होती. मी स्टँडवर. पोरीनं विचारलं, आजी, गोळ्या आहेत ना? कौसा म्हणाली, "वाढत आल्या गं." पोरगी म्हणाली, वाढतायत? मग या महिन्याला देत नाही आजी, आधी त्या संपवा. आणि तिनं पिशवी बंद केली.

शांताबाई म्हणते, "मी तोंड उघडलं होतं हो भावजी. सांगणार होते त्या पोरीला. तर कौसानं माझ्या मांडीवर हात दाबला. म्हणाली, जाऊ दे गं. मी भरते महिना."

तिनं चमचा लहान केला.

कोणाला काय बोलू? त्या पोरीला बोलू? तिनं जे ऐकलं ते केलं, आमच्या सुनेनंही तेच केलं होतं आणि तेव्हा आम्ही हसलो होतो. शांताबाई अजून माझ्यासमोर मान वर करत न्हाई. तिला मी काही म्हणालो न्हाई. राग येतो तो कौसाचाच येतो. मला संध्याकाळी एक शब्द बोलली असती तर मी जालन्याहून गोळ्या आणल्या असत्या. विकत आणल्या असत्या. जालन्याला जायला मला काय लागत होतं, सगळे गाडीवाले माझे. न्हाई बोलली. महिन्याच्या मधी अमुक एक संपलं हे दुसऱ्याला सांगणं म्हणजे तिला भर बाजारात डोक्यावरचा पदर पडल्यासारखं वाटायचं. नवऱ्यालाही न्हाई सांगितलं. नवऱ्याला तर न्हाईच.

ते तुकडे मी तळहातावर घेऊन, ती पडली त्या दिवसापासून त्यापुढच्या बाजारापर्यंत लावून पाहिले. बराबर पुरले असते. तिचा हिशोब चुकला न्हाई.

आता या घरात महिना न्हाई. मला काय आणायचं ते सुचत न्हाई. चहा प्यावासा वाटला की उठतो, शेटजींकडून साखरेची पुडी आणतो, दोन दिवसांनी परत जातो. शेटजी पुडी बांधताना माझ्याकडं बघत न्हाईत. जास्तीची देऊ का असं त्यांनी मला एकदाही विचारलं न्हाई. संतोष पैसे पाठवतो, ते खात्यात पडून राहतात. तो आता जास्त पाठवतो आणि परत करणारं कोणी न्हाई. परवा फळीवरच्या डाळीला पोरकिडे झाले. उन्हात टाकली, चाळली, तरी वास जात न्हाई. फेकून दिली. फेकताना तिच्या बापाच्या पडवीतला तो ढीग आठवला. लोक म्हणतात दिवस गेले की माणूस सावरतो. दिवस जातात ते खरं आहे. त्यापुढचं मला काही दिसलेलं न्हाई. शांताबाई भाकरी आणून देते, मी खातो. कशाला खातो ते माहीत न्हाई.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

दवाखान्यात ती दोन दिवस होती. उजवं अंग गेलेलं, नाकात नळी. संतोष खाली औषधं आणायला गेल्ता. स्वाती पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली, तिच्या पायाशी उभी. मी उशाशी. संध्याकाळ झाली, वॉर्डातले दिवे लागले. ट्यूब लागली तसे कौसानं डोळे उघडले. आमच्याकडं न्हाई पाहिलं. तिचा चांगला हात, डावा, हळूहळू सरकत खाटेच्या लोखंडी कठड्यापर्यंत गेला. आणि तिनं मधल्या बोटाच्या पेरानं तो कठडा वाजवला. टक. थांबली. कान दिल्यासारखी. परत टक.

मंग तिनं मान माझ्याकडं वळवली आणि तोंड उघडलं. शब्द नीट निघत नव्हता. दोनदा अडला. तिसऱ्यांदा निघाला.

"वाढलं."

शेजारच्या खाटेपाशी सिस्टर होत्या. त्या वळून म्हणाल्या, आजोबा, आजी जेवायला वाढा म्हणतायत वाटतं, पण तोंडानं काही देऊ नका हं.

स्वातीनं माझ्याकडं पाहिलं. "नाही सिस्टर," ती म्हणाली, "जेवायला नाही म्हणत त्या." आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून खिडकीकडं वळली.

कौसा माझ्याकडंच बघत होती. मी मान हलवली, समजलं म्हणून. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. बाजाराला अजून बरेच दिवस होते. महिन्याच्या मधी तिनं मला काही सांगितलं, ते तेवढंच.